एप्रनवरचा डाग

२ फेब्रुवारी

व्यायामवाल्या बाईंनी सांगितलं, रोज जाड पेनाने चार ओळी लिहा, अंगठ्याचा सांधा हलता राहील. काय लिहू विचारलं, तर म्हणाल्या, मनात येईल ते. माझ्या मनात सध्या जे येतं ते चारचौघांत वाचण्यासारखं नाही. पण वही माझी आहे आणि कपाटाला कुलूप आहे.

वही आणि पेन धाकटीने आणून दिलं. अंगठा दुखतो हे मी घरात कोणालाच सांगितलेलं नाही. तिला म्हटलं, अक्षर सुधारायचंय. ती हो म्हणाली आणि दुकानातलं सगळ्यात जाड पेन घेऊन आली. पन्नाशी उलटलेल्या बाईला अक्षर सुधारायचंय यावर विश्वास ठेवणारी ही एकटीच.

धाकटी म्हणजे माझी जाऊ, दिरांची बायको. एका घरात राहतो, एका कारखान्यात जातो. आम्ही कार्बनच्या कापडाची स्ट्रेचरं बनवतो. डोंगरात नाहीतर पुरात अडकलेल्या माणसाला हेलिकॉप्टरने दोरीवर उचलतात, ती. राळ मुरवलेलं काळं चिकट कापड साच्यात थरावर थर दाबून बसवायचं आणि भट्टीत घालायचं. चोवीस थर, चार कोपरे. दोऱ्या कोपऱ्यांना बांधतात, म्हणून खरं काम कोपऱ्यांतच. तिथे कापड ताणलं गेलं की खाली पोकळी राहते, आणि एक दिवस तिथूनच तडा जातो. सव्वीस वर्षांत माझ्या कोपऱ्यात पोकळी निघालेली नाही. धाकटीला आठ वर्षांपूर्वी मीच तिथे कामाला चिकटवलं, हाताला धरून शिकवलं. तिचे पहिले तीन कोपरे फसले तेव्हा ते माझे म्हणून सांगितले आणि साहेबांची बोलणी मीच खाल्ली.

आज रोबो आला. जाळीच्या पिंजऱ्यात उभा केलाय. एकच हात, टोकाला रबराचा अंगठा. मला चार तास लागतात ते काम तो चाळीस मिनिटांत करणार म्हणे. आणि त्या पिंजऱ्याची प्रमुख कोण, तर धाकटी. साहेबांनी सगळ्यांसमोर जाहीर केलं. मी टाळ्या वाजवल्या. अंगठा दुखला.

चार ओळी सांगितल्या होत्या, पान भरलं.

५ फेब्रुवारी

घरात कौतुकाला ऊत आलाय. सासूबाईंना रोबो म्हणजे काय ते ठाऊक नाही, पण शेजारणीला सांगत होत्या की आमची धाकटी आता राक्षस पाळते. दीर तिच्यासाठी नवे बूट घेऊन आले. मी प्रमुख कारागीर झाले तेव्हा ह्यांनी विचारलं होतं, मग आता डबा किती वाजता?

मला जेवण गेलं नाही. पोटात दुखतंय म्हणाले. ते तर खरंच होतं.

लोणच्याच्या बरणीचं झाकण निघेना, तर धाकटीने माझ्या हातातून घेऊन फटकन उघडलं आणि काही न बोलता परत ठेवलं. हल्ली फार करते असं. पाण्याची बादली उचलते, ओले कपडे पिळते, जड ते सगळं माझ्या आधी पकडते. प्रमुख झाल्याचा तोरा, दुसरं काय.

९ फेब्रुवारी

आज जे ऐकलं ते लिहून ठेवते, म्हणजे पुढे कोणी मला खोटं पाडायला नको.

साहेबांच्या खोलीबाहेरच्या कपाटातून हातमोजे काढत होते. दार अर्धं उघडं. आत धाकटी बोलत होती: "ताईंचा अंगठा आता फार दिवसांचा नाही, साहेब. त्याआधी तो मशीनमध्ये घ्या. नाहीतर सगळंच जाईल."

साहेब काय म्हणाले ते ऐकायला मी थांबले नाही. मोजे तिथेच टाकून टेबलावर आले आणि सहा थर एका दमात बसवले.

म्हणजे हिला ठाऊक आहे. व्यायामवाल्या बाईंकडे जाताना पाहिलं असणार. आणि ते जाऊन कोणाला सांगितलं, तर साहेबांना. माझा अंगठा गेला की मी गेले, मग काढून घ्या आधी विद्या. गुरूची विद्या गुरूलाच ती ही.

संध्याकाळी मला म्हणते, ताई, चहा करू? म्हटलं, नको, माझा मी करते. गाळणं हातातून पडलं.

१२ फेब्रुवारी

आज माझ्या हातांची नोंद घेतली. रोबोला शिकवायचं ते असं: तारा शिवलेले पातळ मोजे मी घालायचे, वर तीन कॅमेरे, आणि मी नेहमीसारखा एक साचा भरायचा. माझे हात जसे हलतील तसे त्याचे हलणार. इंजिनीअर नवा आहे. नम्र पोरगा, पण बोटं बघावीत तर भेंडीसारखी, कधी कापड दाबलेलं नाही. मला म्हणाला, मॅडम, एप्रन काढा, खिशामुळे कॅमेऱ्याला हात दिसत नाहीत. काढला. त्या एप्रनशिवाय मी टेबलाशी उभी राहिल्याचं आठवत नाही. उजव्या कुशीला त्याला तळहाताएवढा काळा डाग आहे, कशानेही निघत नाही. सासूबाई त्याला माझं पदक म्हणतात.

आता खरं ते लिहिते. कोपऱ्याची माझी एक रीत आहे. सगळे आधी कडा बसवतात आणि मग कोपरा दाबतात. मी आधी कोपरा दाबते, अंगठ्याने, खोल, आणि मग बाहेर कडांकडे जाते. एवढंच. पण हे एवढंच कोणाच्या ध्यानात येत नाही, इतक्या लवकर होतं. धाकटीला शिकवलंय. बाकी कोणाला नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची.

आज मी आधी कडा बसवल्या. चारही कोपऱ्यांत, चोवीसही थरांत. इतक्या सफाईने की इंजिनीअर म्हणाला, वा. धाकटी जाळीला टेकून बघत होती. संपल्यावर तिने विचारलं, ताई, झालं ना सगळं? अंगठ्याचं काही राहिलं नाही ना?

मी म्हटलं, काही राहिलं नाही.

१३ फेब्रुवारी

झोप चांगली लागली. का लागू नये?

२० फेब्रुवारी

रोबोचा पहिला नग भट्टीतून आला. तपासनीस आला त्याची पितळी हातोडी घेऊन. कुठे भरीव आणि कुठे पोकळ ते तो टकटक करून आवाजावरून ओळखतो, म्हणून त्याला आम्ही टकटक्या म्हणतो. सपाट भागावर टक टक टक, छान खणखणीत. पहिल्या कोपऱ्यावर आला आणि आवाज बसला. दुसरा तसाच. तिसरा, चौथा. टकटक्याने हातोडी खिशात घातली आणि म्हणाला, चारही पोकळ.

माझ्या छातीत जे काही झालं त्याला आनंद म्हणतात. लाज वाटते लिहायला, पण झालं. मशीनला म्हटलं मनात, बाळा, सव्वीस वर्षं लागतात.

साहेबांनी कारण विचारलं. इंजिनीअर मशीनकडे बघायला लागला. धाकटी म्हणाली, "नोंद घेताना माझ्याकडून कॅमेरे नीट लागले नाहीत. चूक माझी आहे."

कॅमेरे तिने लावलेच नव्हते. इंजिनीअरने लावले होते. तोही काही बोलला नाही, गप्प राहून वाचला. ही मोठी त्यागमूर्ती. लोकांच्या डोळ्यांत चांगलं दिसायचं, दुसरं काय.

घरी येताना तिच्या हातातली पिशवी मी धरली. का धरली कोण जाणे.

२४ फेब्रुवारी

आज कळलं ते असं. पंधरा मार्चला गिऱ्हाईक येणार. चारही कोपरे भरीव निघाले तर हजार स्ट्रेचरांचं काम आपलं, नाहीतर रोबो परत आणि काम दुसऱ्याकडे. धाकटीच्या जुन्या टेबलावर नवी मुलगी बसलीय. म्हणजे रोबो गेला की धाकटीला जागा नाही. साहेबांनी तिला हे स्पष्ट सांगितलंय.

घरी तिने कोणाला सांगितलेलं नाही. दिरांना सुद्धा नाही. मला कारखान्यातून कळलं. रात्रीच्या जेवणाला ती सासूबाईंच्या राक्षसाच्या गोष्टी रंगवून सांगत होती, तो कसा दिवसभर काही खात नाही आणि वर तक्रारही करत नाही. सासूबाई म्हणाल्या, मग तो आपल्या घरात चालेल.

सगळे हसले. मला हसू आलं नाही. ती हसते तेव्हा तिच्या डाव्या गालावर खळी पडते, ती आज पडली नाही. हे मला दिसावं हे विशेष.

२७ फेब्रुवारी

आज कारखान्याला सुट्टी. दुपारी स्वयंपाकघरात गेले तर धाकटी ओट्यावर मोबाइल उभा करून बसलेली. पुढे केक भाजायचा चौकोनी डबा, हातात ओलं फडकं. मोबाइलवर माझे हात. नोंदीचं चित्रण. एक कोपरा बघायची, थांबवायची, फडकं डब्याच्या कोपऱ्यात दाबायची, पुन्हा मागे घ्यायची.

आधी कडा, मग कोपरा. माझे हात खोटं बोलताना मी पहिल्यांदा पाहिले. फार सफाईदार बोलतात.

तिला मी मागे उभी आहे ते कळलं. वळली नाही. म्हणाली, "ताई, तुम्ही थकलेल्या होतात का त्या दिवशी?"

मी म्हटलं, नाही. पाणी प्यायले आणि बाहेर आले. ती डोळे मिटूनही माझा कोपरा करू शकते, मीच शिकवलाय. तिला दिसलं नसेल असं कसं होईल? आणि दिसलं असेल तर साहेबांना अजून का सांगितलं नाही? माझ्याविरुद्ध साठवून ठेवतेय का? चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच.

ह्यांना म्हटलं, धाकटी फार आतल्या गाठीची आहे. पेपरातून डोकं न काढता म्हणाले, घरात आतल्या गाठीचं कोण ते मला विचारू नकोस.

२ मार्च

सांगितलं.

कारखाना सुटल्यावर पिंजऱ्यापाशी ती एकटी होती. रोबोच्या रबरी अंगठ्याला चिकटलेली राळ पुसत होती. मी ठरवून काही बोलायला गेले नव्हते. तो अंगठा पुसताना तिला पाहिलं आणि तोंडातून निघालं, "मी उलटं केलं गं. मुद्दाम."

"माहीत आहे," ती म्हणाली.

"कधीपासून?"

"पहिल्याच थरापासून. मी समोर होते."

मग बोलली का नाहीस, असं मी जवळजवळ रागानेच विचारलं. तिने फडकं घडी घालून ठेवलं.

"माझे तीन कोपरे फसले तेव्हा तुम्ही कोणाला सांगितलं होतंत?"

मग साहेबांच्या खोलीतलं मी ऐकलेलं वाक्य तिच्यापुढे टाकलं, अंगठा फार दिवसांचा नाही ते. एकदा काढायचंच तर सगळं काढावं. ती लाल झाली. म्हणाली, तुम्ही पुढचं ऐकलं नाहीत. मी विचारलं, पुढचं काय? तर म्हणे, ते आता सांगण्यात अर्थ नाही, आधी कोपरा भरीव निघू दे.

आतल्या गाठीची म्हटलं होतं ते खोटं नाही.

३ मार्च

पुन्हा नोंद घेतली. तारांचे मोजे, तीन कॅमेरे, एप्रन काढला. या वेळी आधी कोपरा, मग कडा. चोवीस थर खरे. इंजिनीअरला धाकटीने सांगितलं की ताईंना मागच्या वेळी बरं नव्हतं. तो म्हणाला, दिसतंय, आज मॅडम वेगळ्याच आहेत.

मूठ उघडली. हलकं वाटलं आणि थोडं गेल्यासारखंही वाटलं. संपल्यावर अंगठा दाराच्या कडीला लागला आणि डोळ्यांपुढे काजवे चमकले.

६ मार्च

नग आला. टकटक्या आला.

चारही पोकळ.

मागच्यापेक्षा कमी, पण पोकळच. धाकटी खुर्चीवर बसली, तिला मी कामाच्या वेळेत कधी बसलेलं पाहिलं नव्हतं.

मी टेबलावर जाऊन त्याच कापडाचा, त्याच साच्याचा नग भरला. आधी कोपरा, मग कडा, दुसरं काही नाही.

७ मार्च

माझा नग भट्टीतून आला. चारही भरीव.

मग रोबोचं काय चुकतं? जे मी केलं तेच तो करतो. जी रीत मी सव्वीस वर्षं जिवापलीकडे जपली, ती खरी रीत नव्हतीच की काय? मूठ झाकून बसले होते आणि आत काहीच नव्हतं? मग माझे कोपरे भरीव कशाने होतात? मला माहीत नाही. या वयात हे कळणं फार वाईट.

८ मार्च

पेन धरवत नाही.

९ मार्च

आज दोन ओळींवर थांबायचं ठरवलं होतं, पण जमणार नाही.

आज सुट्टी. सकाळी धाकटी कपडे धुवत होती. माझा एप्रन तिच्या हातात होता, उजव्या कुशीचा डाग घासत होती. घासता घासता थांबली. पाणी तसंच वाहत होतं. सासूबाई ओरडल्या, नळ बंद करा कोणीतरी.

ती ओला एप्रन घेऊनच माझ्या खोलीत आली. म्हणाली, "ताई, हा डाग कसा पडला?"

म्हटलं, राळेचा आहे. अंगठ्याला चिकटते, ती पुसते.

"कधी पुसता?"

कधी म्हणजे काय, चिकटली की. मी असं म्हणाले आणि तिने उशीच्या खोळीचा कोपरा माझ्यापुढे धरला. म्हणाली, करून दाखवा. केलं. अंगठ्याने कोपरा दाबला, हात आपोआप कुशीला गेला, पुसला, परत आला आणि कोपरा पुन्हा एकदा दाबला. मग कडा.

"दोनदा दाबलात," ती म्हणाली.

मी म्हटलं, एकदाच दाबते मी. तिने पुन्हा करायला लावलं. पुन्हा दोनदा. मी माझ्या हाताकडे परक्याच्या हाताकडे बघावं तशी बघत राहिले. कापड दाबल्यावर थोडं उसळतं, ते मला ठाऊक आहे. मी पुसायला जाते तेवढ्या वेळात ते उसळून घेतं, आणि परत येऊन दाबते तेव्हा कायमचं बसतं. तारांच्या मोज्याला राळ चिकटत नाही आणि एप्रन तर काढायला लावलेला. मग पुसायचं कशाला आणि कुठे? नोंदीत मी कोपरा एकदाच दाबला होता.

धाकटीला शिकवताना हे मी कधी सांगितलंच नव्हतं. मला ठाऊक असतं तर लपवलं असतं. ती पुसते का, विचारलं. हसली. तिच्या एप्रनलाही डाग आहे म्हणाली, तुमच्याकडे बघून शिकले, मला वाटलं तशीच रीत आहे.

१० मार्च

तिसरी नोंद. मोजे नाहीत, एप्रन अंगावर, त्याचे खिसे धाकटीने टाके घालून चापून बसवलेले. कॅमेऱ्याला बोटं ओळखता यावीत म्हणून प्रत्येक नखावर आणि पेरावर पांढरा ठिपका द्यायचा होता. धाकटीने माझा हात मांडीवर घेतला आणि बारीक कुंचल्याने ठिपके दिले. अंगठ्याच्या सुजलेल्या सांध्यापाशी आली तेव्हा श्वास धरून, कुंचला नुसता टेकवून. दुखलं नाही.

किती दिवसांपासून दुखतंय, असं तिने विचारलं नाही. मीच सांगितलं, दोन वर्षं. ती म्हणाली, तीन. माझ्यापेक्षा तिचा हिशेब चांगला आहे.

१३ मार्च

टकटक्याने चौथ्या कोपऱ्यावर दोनदा हातोडी मारली, मग कान लावून तिसऱ्यांदा. म्हणाला, भरीव. चारही भरीव. साहेबांनी त्याच्याच हातातून हातोडी घेऊन स्वतः वाजवून पाहिलं.

पण लिहायचं ते हे नाही. लिहायचं आहे ते रोबो काम करतो तेव्हाचं. कोपरा दाबतो, मग हात उचलून उजवीकडे नेतो, रिकाम्या हवेत अंगठा खालीवर घासतो, परत येतो, दाबतो. तिथे काही नाही, ना कूस, ना एप्रन. आणि तो पुसतोय. चोवीस थर, चार कोपरे, शहाण्णव वेळा. परवा तो नग भरताना सगळा कारखाना जाळीला लागून हसत होता. नवी मुलगी म्हणाली, ताई, हा तुमच्यासारखा उभाही राहतो.

मी हसले नाही. मला त्याचा मत्सर वाटला. खरंच वाटला. माझंच सगळं करतो आणि त्याला दुखत नाही.

इंजिनीअर म्हणाला, पुसणं काढून टाकतो, वेळ वाया जातोय. धाकटी म्हणाली, पुसणं काढा, पण तेवढं थांबणं ठेवा. त्याने काढलं. मग तो नुसता थांबायचा आणि पुन्हा दाबायचा. तोही नग आज भरीवच आला. पण बघायला कोणी आलं नाही.

१५ मार्च

गिऱ्हाईक आलं, वाजवलं, गेलं. काम मिळालं. धाकटीची जागा राहिली.

साहेबांनी मला आत बोलावलं. टेबलावर धाकटीचा अर्ज होता, जानेवारीचा, रोबो यायच्या आधीचा. त्यात लिहिलं होतं की ताईंचा अंगठा जास्त दिवस टिकणार नाही, त्याआधी त्यांचे हात नोंदवून घ्या, आणि यापुढे त्यांना टेबलावर न ठेवता पिंजऱ्यात घ्या. प्रत्येक नव्या साच्यासाठी रोबोला शिकवायला कोणीतरी लागणारच, आणि त्या शिकवतात तसं कोणी शिकवत नाही. शेवटी एक ओळ होती: ताईंना हे मी सुचवलं म्हणून सांगू नये, त्यांना आवडणार नाही.

बरोबर ओळखलं. आवडलं नाही. सव्वीस वर्षं कमावलेली जागा गेली आणि दुसरी जागा धाकट्या जावेच्या शब्दाने मिळाली, हे कोणाला आवडेल? मी साहेबांना म्हटलं, विचार करून सांगते. बाहेर आले आणि दोन मिनिटांत परत जाऊन हो म्हणाले.

१८ मार्च

पिंजऱ्यातला पहिला दिवस. मला खुर्ची दिलीय. सकाळी जाते तर काय, धाकटी आणि इंजिनीअर दोघं मिळून उद्योग करून बसलेले. रोबोचं पुसणं परत घातलेलं, आणि तो जिथे हवेत अंगठा घासतो बरोबर तिथे एका दांड्यावर माझा एप्रन टांगलेला. तो आला, माझ्या डागावर अंगठा पुसला आणि गेला. धाकटी माझ्याकडे बघत होती, डाव्या गालावर खळी.

सगळे थांबले, ताई आता काय म्हणतात. मी रोबो थांबवायचं लाल बटण दाबलं, आत गेले, दांड्यावरून एप्रन काढला, घडी घातली आणि पिशवीत ठेवला. धाकटीला म्हटलं, हात घेतलास, सवय घेतलीस, माझ्या खुर्चीची सोय केलीस, सगळं केलंस. एप्रन मिळणार नाही. त्याला म्हणावं, स्वतःचा डाग पाड.

मग बटण सोडलं. तो हवेत पुसायला लागला.

एप्रन आता कपाटात आहे, या वहीखाली. संध्याकाळी धाकटीने तिचा एप्रन धुवून वाळत घातला, तेव्हा तो मी उलटा करून पाहिला. उजव्या कुशीला डाग आहे. माझ्यापेक्षा लहान.